निघून जाता येत असताना थांबणं: ‘ऑफ गॉड्स अँड मेन’बद्दल

अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती माणसावरचा एखादा सिनेमा सांगा म्हटलं, तर तुमच्यापैकी बरेच जण ‘हॅकसॉ रिज’चं नाव घेतील. २०१६ चा, मेल गिब्सनचा. अँड्र्यू गारफिल्ड त्यात डेस्मंड डॉस झालाय: सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा, बंदुकीला हात लावणार नाही म्हणणारा, आणि तरी सैन्यात जाऊन ओकिनावाच्या कड्यावरून सुमारे ७५ जखमींना दोराने खाली उतरवणारा. गोष्ट खरी आहे. डॉसला १९४५ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. सिनेमा संपतो तेव्हा ऊर भरून येतो, आणि यात काही चूक नाही.

पण त्यातला एक प्रसंग आठवून बघा. शनिवार आहे, म्हणजे डॉसचा शब्बाथ. अख्खी तुकडी हल्ल्याला तयार उभी आहे, पण कुणी हलत नाही, कारण डॉसची प्रार्थना व्हायची आहे. ती होते, आणि मग सगळे दोर चढून वर जातात आणि मारायला लागतात. म्हणजे बंदूक न धरणाऱ्या माणसाची प्रार्थना हल्ल्याचा नारळ ठरते!

इथे डॉसला बोल लावायचा नाहीये. त्याच्या धैर्यापुढे आपण कोण? पण सिनेमा म्हणून ‘हॅकसॉ रिज’ काय सांगतो ते बघायला हवं. तो एका माणसापुरती सवलत मागतो: मी मारणार नाही, बाकीच्यांनी खुशाल मारावं. मग ती सवलत किती मर्दानी आहे हे तो पटवून देतो. मधल्या वेळात आतडी, आगीचे लोळ, तुटलेले पाय असं सगळं तो इतक्या हौसेने दाखवतो की डोळ्यांची मेजवानी शेवटी हिंसेचीच होते. तो धैर्यावरचा सिनेमा आहे. शांती कशी करतात, यावरचा नाही.

‘करतात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला.

शांत करणं

मराठीत ‘शांतता’ म्हटलं की दवाखान्यातली पाटी आठवते: शांतता राखा. म्हणजे आवाज करू नका. घरातसुद्धा ‘शांत बस’ म्हणजे गप्प बस. पण याच भाषेत आपण नव्या घरात जाताना ‘वास्तुशांत’ करतो. तिथे शांती ही करायची गोष्ट असते. वेळ काढून, माणसं बोलावून, जेवायला घालून. आपोआप येत नाही ती.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, ज्या लोकांना तो धन्य म्हणतो त्यांत शांती करणारेही आहेत. मूळ ग्रीक शब्दच ‘शांती’ आणि ‘करणं’ असा जोडून बनलाय. शांत स्वभावाची माणसं किंवा भांडणापासून लांब राहणारी माणसं असा त्याचा अर्थ होत नाही. याच प्रवचनात शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय, आणि दुसरा गाल पुढे करायलाही. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत असताना गांधीजींनी हे प्रवचन वाचलं आणि ते थेट मनाला भिडलं, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलंय. त्यामुळे हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

प्रश्न असा आहे की हे ‘करणं’ दिसतं कसं? गाल पुढे करणं एका क्षणात होतं. शांती करायला वर्षं लागतात, आणि वर्षं सिनेमात दाखवणं अवघड. मला माहीत असलेल्या सिनेमांपैकी ज्याला हे सगळ्यात चांगलं जमलंय तो म्हणजे झाव्हिए बोव्हवाचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’. २०१० मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं, पुढच्या वर्षी सर्वोत्तम चित्रपटाचा सेझार. मूळ फ्रेंच नावात माणसं आधी येतात आणि देव नंतर. इंग्रजीत क्रम उलटला. सिनेमा बघितलात तर फ्रेंच क्रमच बरोबर होता असं तुम्हीही म्हणाल.

नऊ म्हातारे आणि एक गाव

गोष्ट अल्जीरियातली आहे. डिसेंबर १९९१ च्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष पुढे गेला, जानेवारीत सैन्याने निवडणूकच रद्द केली आणि देश यादवीत लोटला गेला. पुढच्या दहाएक वर्षांत लाखाच्या वर माणसं मेली, त्यातली बहुतेक अल्जीरियन मुसलमान. अॅटलासच्या डोंगरात, मेदेया शहराजवळ तिबहिरीन नावाचं गाव आहे. तिथे ट्रॅपिस्ट पंथाच्या फ्रेंच साधूंचा मठ होता. १९९३ च्या अखेरीस सशस्त्र गटांनी परदेशी लोकांना देश सोडायला बजावलं. त्याच डिसेंबरमध्ये मठापासून जवळच १२ क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले. साधूंपुढे प्रश्न आला: जायचं की राहायचं?

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येते, ती आधीच बोलून टाकू. हे लोक तिथे धर्मांतरं करायला बसले होते का? नाही. ते शेती करत होते, मध विकत होते, दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जमत होते. त्यांच्यातले ब्रदर ल्यूक डॉक्टर होते. १९४० च्या दशकापासून ते तिथे दवाखाना चालवायचे, गोरगरिबांना फुकट औषधं द्यायचे. मठाच्या आवारातली एक खोली गावकऱ्यांना नमाजासाठी दिलेली होती. गावातली माणसं मुसलमानच राहिली आणि साधू ख्रिस्तीच राहिले. यात काही बिघडलंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

सिनेमाचा पहिला अर्धा तास यातच जातो. बरणीत मध भरणं, लाकडं फोडणं, ल्यूककडे रांग लावून बसलेल्या बायका. एका लहान मुलीला बरं वाटत नाही, आणि तिच्या आईला पायात घालायला काही नाही म्हणून ल्यूक जोडेही शोधून देतो. गावातली एक तरुण मुलगी या दम्याने धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारते की प्रेमात पडलंय हे कळतं कसं, आणि तो मनापासून उत्तर देतो. मिशेल लॉन्सडालने हा ल्यूक असा केलाय की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. तुम्हाला वाटेल, सिनेमा संथ आहे. आहेच. पण हा संथपणा काढून टाकला तर पुढचं काही कळणार नाही. धोका आल्यावर ‘राहायचं’ म्हणजे नेमकं कशात राहायचं, ते या अर्ध्या तासात आहे.

मग येतात बैठका. माझ्या मते सिनेमाचा गाभा इथे आहे. मठाचे प्रमुख ख्रिस्तियान द शर्जे (लॅम्बर्ट विल्सन) सरकारी अधिकाऱ्याला सांगून टाकतात की आम्हाला लष्कराचं संरक्षण नको. मठात परतल्यावर बाकीचे साधू त्यांना धरतात: तुम्ही एकट्याने कसं ठरवलं? आम्ही तुम्हाला निवडलं ते आमच्या जिवाचा निर्णय आम्हाला न विचारता घ्यायला नाही. मग टेबलाभोवती एकेक जण बोलतो. एक म्हणतो, मी आजारी आहे, मला जायचंय. एक म्हणतो, सामूहिक आत्महत्या करायला मी इथे आलो नाही. मतं फुटतात. निर्णय पुढे ढकलतात.

‘हॅकसॉ रिज’शी ताडून बघा. तिथे एक माणूस, एक बायबल, आणि मनात शंका नाही. इथे आठ-नऊ माणसं घाबरलेली आहेत आणि घाबरल्याचं एकमेकांना सांगतायत. ब्रदर ख्रिस्तोफ रात्री खोलीत देवाला हाका मारून रडतो आणि भिंतीपलीकडच्यांना ते ऐकू येतं. श्रद्धा म्हणजे भीती नसणं, ही आपली फिल्मी समजूत सिनेमा इथे मोडतो. कितीतरी महिन्यांनी पुन्हा बैठक होते आणि एकेक हात वर जातो: राहायचं. जो आधी जायचं म्हणत होता, तोही हात वर करतो. कुणी कुणाला भाषण देऊन पटवलेलं नाही. मधल्या काळात ते फक्त रोजचं काम करत राहिले.

गावकऱ्यांचाही या निर्णयात वाटा आहे. साधू म्हणतात, आम्ही फांदीवरच्या पाखरांसारखे, उडायचं की नाही ते ठरत नाहीये. त्यावर गावातली एक बाई दुरुस्ती करते: पाखरं आम्ही, फांदी तुम्ही. एका वाक्यात ती सगळा हिशोब मांडते. पाखराला उडता येतं, फांदीला नाही. खरं तर इथे उलटं होतं. फ्रेंच पासपोर्ट साधूंकडे होते. गावकरी कुठे जाणार?

आधी मला निःशस्त्र कर

१९९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री सशस्त्र टोळी मठात आली, हे खरं घडलंय. सिनेमात तो प्रसंग पाच-सात मिनिटांत होतो. टोळीप्रमुखाला डॉक्टर आणि औषधं हवीत. ख्रिस्तियान सांगतात, इथे आत शस्त्र घेऊन कुणी येत नाही, बोलायचं तर बाहेर चला. बाहेर गेल्यावर नकार देतात: डॉक्टर म्हातारा आणि आजारी आहे, औषधं गावालाच पुरत नाहीत. मग कुराणातली एक आयत म्हणतात, आणि आज आमच्या येशूचा जन्मदिवस आहे असं सांगतात. बंदूकधारी माणूस माफी मागतो आणि हात पुढे करतो.

हा प्रसंग चमत्कारासारखा वाटतो, पण चमत्कार नाहीये. ख्रिस्तियान काही मंत्र टाकत नाहीत. समोरच्याला तो मुसलमान आहे याची ते आठवण करून देतात, तीही त्याच्याच ग्रंथातून, आणि ती करून देता येते कारण तो ग्रंथ त्यांनी वर्षानुवर्षं वाचलाय. आणि लक्षात घ्या, ते ‘नाही’ म्हणतात. अहिंसा म्हणजे होकार देत जाणं नव्हे. पुढे एक जखमी बंडखोर दारात आणला जातो तेव्हा ल्यूक त्याच्यावर उपचार करतो, आणि लष्कर चिडतं. साधू डोंगरातल्या बंडखोरांना ‘डोंगरातले भाऊ’ म्हणायचे आणि सैनिकांना ‘मैदानातले भाऊ’. दोन्ही बाजूंना ते आवडत नव्हतं.

सिनेमात न आलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या रात्रीबद्दल ख्रिस्तियान यांनी पुढे एका प्रवचनात सांगितलं होतं. त्या टोळीप्रमुखासाठी प्रार्थना करायची तर काय मागायचं? देवा, त्याला मार, असं मागता येत नाही. त्याला निःशस्त्र कर, असं मागता येतं. पण मग त्यांना वाटलं, हे मागायचा मला हक्क कुठे आहे, जोवर आधी ‘मला निःशस्त्र कर, आम्हाला निःशस्त्र कर’ असं मी मागत नाही? हे बोलून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तोच २६-२७ मार्च १९९६ च्या रात्री सात साधूंना पळवून नेलं. मे महिन्यात ते मेल्याचं जाहीर झालं. मृत्यू नेमका कुणाच्या हातून झाला यावर आजही वाद आहे. पळवणाऱ्यांच्या नजरेतून दोघं सुटले, म्हणून वाचले.

सिनेमा मृत्यू दाखवत नाही. धुक्यात, बर्फातून सात म्हातारे चालत जातात आणि दिसेनासे होतात. या सिनेमाची सगळी कमाई या संयमात आहे.

सिनेमातून गळलेले दोन मोहम्मद

आता तक्रार. माझी तक्रार बऱ्याच समीक्षकांना खटकलेल्या त्या जेवणाच्या प्रसंगाबद्दल नाही. शेवटच्या रात्री टेपवर चायकॉव्हस्कीचं ‘स्वान लेक’ लागतं, वाइन येते, आणि कॅमेरा एकेका चेहऱ्याजवळ जात राहतो. काहींना ते भावुक वाटतं. मला वाटतं, दीड तास आवाज न चढवणाऱ्या सिनेमाला तेवढं चालतं.

माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा बघून तुमची अशी समजूत होईल की शांती ही साधूंनी गावाला दिलेली देणगी होती. गोऱ्यांनी दिली, गावाने घेतली. पण ख्रिस्तियान यांची स्वतःची गोष्ट बरोबर उलटी आहे.

१९५९ च्या सुमाराला, विशीतले असताना, ते याच अल्जीरियात फ्रेंच सैन्याचे अधिकारी होते. म्हणजे वसाहत टिकवायला आलेल्या फौजेचे. तिथे मोहम्मद नावाच्या गावरक्षकाशी त्यांची मैत्री झाली. दहा मुलांचा बाप. एकदा चकमकीत सापडल्यावर मोहम्मद मध्ये पडला आणि त्याने ख्रिस्तियानना वाचवलं. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या विहिरीजवळ मारलेला सापडला. ख्रिस्तियान आयुष्यभर म्हणत राहिले की माझ्यासाठी जीव देणारा पहिला माणूस मुसलमान होता. साधू होऊन अल्जीरियात परतले ते याच माणसाच्या देशात राहायला.

हे सिनेमात नाही. ते घातलं असतं तर थांबण्याच्या निर्णयाचा सगळा अर्थ बदलला असता. थोर लोकांचा त्याग, एवढंच त्याचं रूप राहिलं नसतं. ती जुन्या ऋणाची फेड झाली असती, आणि शत्रूसाठी जीव देण्याची ख्रिस्ती शिकवण एका ख्रिस्ती माणसाला मुसलमानाने जगून दाखवली, हेही समोर आलं असतं. फ्रान्समध्ये या सिनेमाची तीस लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. प्रेक्षक रडले. पण आपल्या फौजेने त्या देशात काय केलं होतं, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत एका अधिकाऱ्याच्या संवादापुरताच पोचला.

दुसरा मोहम्मद त्याच १९९६ मधला. साधूंच्या मृत्यूनंतर दोन-अडीच महिन्यांनी, १ ऑगस्टला, ओरानचे बिशप पिएर क्लाव्हेरी बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यांच्यासोबत त्यांचा तरुण मुसलमान मित्र मोहम्मद बूशिखीही मेला. तो त्यांची गाडी चालवायचा. धोका माहीत असूनही त्याने साथ सोडली नव्हती. क्लाव्हेरींचा जन्म अल्जीर्समधलाच, पण फ्रेंच वस्तीतला. लहानपणी आपण वसाहतीच्या बुडबुड्यात वाढलो, आजूबाजूला अरब माणसं असून ती आपल्याला दिसलीच नाहीत, असं ते नंतर सांगायचे.

२०१८ मध्ये ओरानमध्ये कॅथलिक चर्चने अल्जीरियातल्या १९ जणांना ‘धन्य’ जाहीर केलं. त्यात तिबहिरीनचे सात साधू आणि क्लाव्हेरी आहेत. मोहम्मद नाही, कारण नियमाप्रमाणे तो असू शकत नाही. हिंसेला धर्माचा आधार द्यायला नकार दिला म्हणून मारले गेलेले कितीतरी इमामही त्या यादीत नाहीत. सिनेमात गावकऱ्यांच्या बोलण्यात अशा एका इमामाचा उल्लेख येतो आणि पुढे जातो. माझ्या मते दुसरा सिनेमा तिथे सुरू व्हायला हवा होता.

मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न तुम्ही विचारणार. सात साधू मेले, यादवी थांबली नाही. खून पुढेही होत राहिले.

याला ‘त्यांचं बलिदान वाया गेलं नाही’ असं ठोकळेबाज उत्तर देता येतं, पण ते मला पटत नाही. सिनेमाही तसं म्हणत नाही. त्यांच्या थांबण्याने युद्ध थांबेल असं त्या नऊ जणांना कधीच वाटलं नव्हतं. ट्रॅपिस्ट साधू बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे एक व्रत घेतात, स्थैर्याचं. ज्या मठात आलो तिथेच, त्याच माणसांत शेवटपर्यंत राहायचं. सिनेमा हे व्रत नीट समजावत नाही, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला त्यांचं राहणं हट्ट वाटू शकतं. पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. दवाखाना उद्या उघडणार की नाही? गावाला जेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटतेय, त्याच दिवशी आपण गाशा गुंडाळला, तर इतकी वर्षं ‘शेजारी’ म्हणत होतो त्याला काय अर्थ राहिला? आमचं असणं तुमच्या राहण्यावर टिकून आहे, असं गाव म्हणालं होतं. तेवढं पुरेसं होतं.

ख्रिस्तियान यांनी एक पत्र लिहून ठेवलं होतं, मृत्यूनंतर उघडायचं. ते १ डिसेंबर १९९३ ला सुरू केलं आणि १ जानेवारी १९९४ ला पुरं केलं. त्यात त्यांनी आपल्या भावी मारेकऱ्याला मित्र म्हणून हाक मारली आहे. पण त्याआधी एक काळजी व्यक्त केली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते: माझ्या मरणाचं खापर सगळ्या अल्जीरियन लोकांवर, सगळ्या इस्लामवर फोडलं जाईल. तसं होऊ देऊ नका, असं ते घरच्यांना सांगतात. स्वतःचा खून कुणाविरुद्ध वापरला जाऊ नये याची तजवीज जिवंतपणी करून ठेवणं! आजच्या बातम्या बघताना यापेक्षा उपयोगाचं काय असेल?

आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, पाखरं आहोत की फांदी? आपल्यातले बरेच जण पासपोर्ट खिशात घेऊन जगतात. गल्फमध्ये असाल तर एक दिवस निघावंच लागणार हे ठरलेलं. लंडन किंवा न्यू जर्सीत असाल तर वस्ती बिघडली की दुसऱ्या भागात घर बघायची सोय. क्लाव्हेरींचा बुडबुडा आपल्याकडेही असतो. आपलं मंडळ, आपला ग्रुप, आपली शनिवारची शाळा, आणि शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. ‘आपल्याला काय करायचंय’ हे आपण शांततेच्याच नावाने म्हणतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्याला शांती करणं म्हणता येणार नाही. शांती राखणं फार तर.

सिनेमा बघाल तेव्हा दोन्ही बैठका लक्ष देऊन ऐका. पहिल्या बैठकीत कोण घाबरलंय आणि दुसऱ्या बैठकीत हात वर करताना त्याचा चेहरा कसा आहे, ते बघा. आणि संपल्यावर त्या विहिरीजवळच्या मोहम्मदची गोष्ट कुणाला तरी सांगा, कारण ती सिनेमात नाहीये.